खिंडीच्या अलीकडे थांबलेले इंजिन

एका डोंगरी रेल्वेवर एकदा एक वृद्ध चालक आणि त्याची शिष्या शंभर वर्षांचे वाफेचे इंजिन सांभाळत होते. चालकाला सगळे वस्ताद म्हणत. शिष्या शिकलेली अभियंता होती. नव्या पोलादाच्या नळ्या, संगणकावर आखून घडवलेले सुटे भाग, बॉयलरच्या पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजणारे यंत्र, हे सारे तिने आणले म्हणूनच ते इंजिन अजून धावत होते. वस्ताद हे चारचौघांत मान्य करत. जुन्याचा पोकळ अभिमान मिरवणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी ते नव्हते.

बॉयलरमध्ये पाणी किती आहे, हे दाखवणारी काचेची एक उभी नळी चालकासमोर असते. भट्टीचे छप्पर सदैव पाण्याखाली बुडालेले असावे लागते. ते उघडे पडले की तापून मऊ होते आणि बॉयलर फुटतो. त्या लहानग्या इंजिनाला अशी काच एकच होती. शिष्येने तिच्याच नळीला संवेदक जोडला आणि पातळी आकड्यात दाखवणारा पडदा समोर लावला. पण गाडी हलली की पाणी हिंदकळे, चढ बदलला की पातळी वरखाली होई आणि आकडा नाचू लागे. इंजिन ज्या संस्थेच्या मालकीचे होते, तिच्या विश्वस्तांना त्या नाचण्याची धास्ती वाटे. तेव्हा तिने दहा-दहा मिनिटांची सरासरी काढून तेवढीच पडद्यावर दाखवण्याची सोय केली. आकडा शहाण्या मुलासारखा गप्प बसला. विश्वस्तांना हायसे वाटले आणि खरे सांगायचे तर तिलाही वाटले.

पुढे परवान्याच्या चाचणीचा दिवस आला. बॉयलर निरीक्षक पहिल्या डब्यात बसले होते. गाडी खिंड ओलांडून पलीकडच्या स्थानकात पोचली की परवाना मिळणार होता. न मिळाला, तर इंजिन बागेत शोभेला ठेवण्याचा ठराव विश्वस्तांनी तयारच ठेवला होता. शिष्येची चार वर्षांची मेहनत त्या एका चढावर टांगलेली होती.

चढ सुरू झाला. फायरमन भट्टीत कोळसा टाकत होता आणि पडद्यावर बहात्तर टक्के दिसत होते. मधल्या झऱ्यापाशी रुळांची थोडी सपाटी लागली, ती सरली, पुन्हा चढ लागला. वस्तादांची नजर काचेवरून हलत नव्हती. खिंड दोनशे पावलांवर आली आणि त्यांनी वाफेचा दांडा बंद करून ब्रेक आवळला. गाडी कण्हत थांबली.

"वस्ताद, हे काय करताय? खिंड समोर दिसतेय."

"म्हणूनच थांबलो."

"चढावर थांबलो तर गाडी पुन्हा उचलायची कशी? साहेब मागेच बसलेत. पाणी बहात्तर टक्के आहे, काचेतही तेवढंच दिसतंय."

"दिसतंय खरं," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी काचेखालचा नळ उघडला.

सूं करत काचेतले सगळे पाणी रुळांवर सांडले. त्यांनी नळ पुन्हा बंद केला. काच धड असेल तर अशा वेळी पाणी क्षणात उसळून वर येते. तिघेही टक लावून पाहत राहिले. पाणी आले नाही. पडद्यावर बहात्तरचे फक्त एकाहत्तर झाले, कारण सरासरीला अजून काही कळलेलेच नव्हते.

बॉयलरच्या पाठीवर एकाखाली एक असे चाचणीचे तीन जुने नळ होते. वस्तादांनी वरचा उघडला, नुसती वाफ. मधला उघडला, नुसती वाफ. मग खालचा उघडला. वाफ आली आणि तिच्यासोबत थुंकल्यासारखे थोडे पाणी आले.

"आहे," ते म्हणाले, "पण अगदी काठावर. सोड पाणी, बेताबेतानं."

फायरमनने बॉयलरमध्ये पाणी सोडले. ते भरेपर्यंत वस्ताद कठड्याला टेकून बोलत राहिले.

"चढावर इंजिनाचं नाक वर असतं, म्हणून आहे ते पाणी मागे, भट्टीवर गोळा होतं. खिंड ओलांडली की नाक खाली जातं आणि पाणी पुढे पळतं. आपलं छप्पर तिथं उघडं पडलं असतं. झऱ्यापाशी सपाटी आली तेव्हा काचेतलं पाणी चार बोटं उतरायला हवं होतं. ते तसूभरही हललं नाही. नळीच्या खालच्या तोंडाशी क्षार बसून ते बुजलंय, पोरी. वाफ थंड होऊन काचेत साचलेलं पाणी आपण बघत बसलो होतो. तुझ्या यंत्राला मी दोष देत नाही. आकडा नाचत होता तोवर ते आपल्याशी बोलत होतं. आपल्याला त्या बोलण्याची भीती वाटली, म्हणून तू त्याला शिस्त लावलीस. मग ते शिस्तीत गप्प आहे की मेलंय, हे ओळखायचं कुणी? आणि मी तरी काय केलं? काच रोज सकाळी उघडून बघायची असते. तुझा पडदा आल्यापासून मी ते सोडून दिलं. ही चूक माझी."

तेवढ्यात निरीक्षक खाली उतरून इंजिनापाशी आले. "का थांबलो आपण?"

शिष्येच्या जिभेवर उत्तर तयार होते. वाफ जरा कमी पडली साहेब, पाच मिनिटांत निघू. कुणीही विश्वास ठेवला असता. वस्ताद हात पुसत राहिले, त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. तिला कळून चुकले की हे उत्तरही त्या पडद्यावरच्या आकड्यासारखेच गुळगुळीत आहे, ऐकणाऱ्याला बरे वाटावे म्हणून घासून ठेवलेले. तिने सगळे सांगितले. सरासरीचे, काचेचे, खालच्या नळातून आलेल्या थेंबांचे.

निरीक्षकांनी मधला नळ स्वतः उघडून पाहिला. आता त्यातून पाणी आले. मग त्यांनी वही काढली.

"आजची चाचणी मी मान्य करू शकत नाही. नळी साफ करा, ती सरासरी काढून टाका आणि मला पुन्हा बोलवा."

"विश्वस्तांना काय सांगू?" तिने विचारले.

"मला सांगितलंत, तेच."

तिला रडू आले, पण मन हलके झाले होते. चाचणीच्या तिन्ही नळांवर लक्ष ठेवून गाडी सावकाश पलीकडच्या स्थानकापर्यंत न्यावी आणि तिथे भट्टी विझवावी, असे ठरले. वस्तादांनी शिट्टी दिली. निरीक्षक डब्याकडे परतले नाहीत. ते इंजिनावर चढले आणि बॉयलरला जवळजवळ खेटून शिष्येच्या शेजारी उभे राहिले. खिंड ओलांडून इंजिनाचे नाक खाली झुकेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

ज्यांच्याकडून आपल्याला कधीच वाईट बातमी येत नाही, त्यांच्यापाशी आपणही जरा थांबून चौकशी करावी.