वरणात पडलेले मीठ

पूर्वी चंपकपुरात भद्रसेन राजा धर्माने राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका आचाऱ्याच्या कुळात जन्म घेतला. त्यांचे नाव नंदिसेन. राजाच्या अन्नछत्रात ते काम करीत, आणि कालक नावाचा मुख्य आचारी त्यांच्यावर होता.

कालक हाताचा कुशल, पण सदा धावता. एका चुलीपाशी उभा राहून तो दुसऱ्या चुलीची आज्ञा देई आणि तिसरीची चिंता वाही. वरणात मीठ घालण्याचा मान त्या पाकशाळेत मुख्य आचाऱ्याचाच होता. दुसऱ्या कोणी मिठाला हात लावीत नसे. तरीही वरण वारंवार खारट होऊ लागले. एक वृद्ध यात्रेकरू बाई पहिल्याच घासाला थांबून म्हणाली, “बाबा, डाळ शिजवलीस की समुद्र?”

हे राजाच्या कानी गेले. त्याने निरोप धाडला, “पौर्णिमेला मी पंगतीत बसेन. वरण पुन्हा खारट निघाले, तर कालकाने घरी जावे आणि नंदिसेनाने त्याची जागा घ्यावी.”

निरोप आणणारा सेवक बोधिसत्त्वांच्या कानाशी लागला, “तुम्ही काही करू नका. नुसते गप्प राहा.”

बोधिसत्त्व हसले आणि थेट कालकाकडे गेले. तो चुलीपाशी कपाळाला हात लावून बसला होता.

“हात माझा, मीठही मीच घालतो,” कालक म्हणाला, “पण घातले की नाही, तेच आठवत नाही. म्हणून पुन्हा घालतो.”

“दादा, मीठ घालताना मन कुठे असते?”

“भाताच्या चुलीवर.”

“आणि भाताच्या चुलीपाशी गेल्यावर?”

“पंगतीत.”

“मग पाकशाळेत तुम्ही येता तरी केव्हा?”

भाजी चिरणाऱ्या बायका खुदकन हसल्या. कालकालाही हसू आवरेना.

त्या दिवसापासून बोधिसत्त्वांनी त्याला एक साधी रीत लावून दिली. मिठाला हात घालण्यापूर्वी एक श्वास जाणून घ्यावा. मुठीतले खडे मुठीला कळू द्यावेत. मीठ पडताना पडते आहे हे पाहावे, आणि मगच पाऊल उचलावे. मन पळाले, तर चुकार वासराला आणावे तसे त्याला न मारता परत आणावे.

“वासरू कसले, वळू आहे हा,” कालक कुरकुरला. पण रीत त्याने सोडली नाही.

हळूहळू त्याचा आवाज खाली आला. चुली त्याच, पंगतीही त्याच. तरी पाकशाळेत गाणी ऐकू येऊ लागली. एकदा घरी जेवताना तो पत्नीला म्हणाला, “या भाकरीला किती गोड वास आहे.”

ती म्हणाली, “लग्न झाल्यापासून तोच आहे. आज तुम्ही घरी जेवायला आलात.”

पौर्णिमेला दुप्पट माणसे लोटली. राजा पानावर बसला. वाढप्यांच्या हाका सुरू झाल्या. जुन्या सवयीने कालकाची मूठ मिठाने भरली आणि वरणावर आली. तिथेच ती थांबली. त्याने एक श्वास घेतला. मघाशी बोटांना लागलेला खड्यांचा ओलावा त्याला आठवला, आणि वरणात विरणारे मीठही. त्याने मूठ हलकेच मिठाच्या भांड्यात परत रिकामी केली.

राजाने दोनदा वरण मागून घेतले. मग कालकाकडून सारी हकीकत कळताच बोधिसत्त्वांना बोलावून तो म्हणाला, “गप्प राहिला असतास, तर आज मुख्य आचारी झाला असतास.”

“महाराज, पदाची वाट पाहत बसलो असतो, तर माझेही मन चुलीपाशी राहिले नसते. मग आपण आम्हा दोघांनाही घरी धाडले असते.”

राजा मोकळेपणाने हसला. कालकाचे पद कायम राहिले. पुढे कालक स्वतःच नव्या आचाऱ्यांना मिठापूर्वीचा तो एक श्वास शिकवू लागला.

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा कालक म्हणजे भिक्षेला निघताना पात्र विहारातच विसरणारा आपला हा उपसोण. भद्रसेन राजा म्हणजे त्याला रोज हसत वाढणारा उपासक सुदर्शी. आणि नंदिसेन मीच होतो.”

उपसोणासह सारा संघ हसला. अवधानाच्या या गुणाला स्मृती म्हणतात. ती ज्याच्या हाती आली, त्याचे रोजचे कामच उपासना होते.