सहावी खुंटी

"...आणि बेचाळीस मुलं, बाई? या दोन खोल्यांत?"

"मोजलीस?"

"कागदावर आहेत."

"मग असतील."

गटशिक्षणाधिकारी हिरामण धोत्रे यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तालुक्यातले सगळे मुख्याध्यापक साहेबांचं हे चष्मा पुसणं ओळखून होते. त्यानंतर कुणाला तरी नोटीस जायची, हे ठरलेलं.

शाळेत त्याला शिकवलेल्या मालनबाईंना ते ठाऊक नसावं. किंवा असेलही. त्या चटईवर बसून भूगोलाच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालत होत्या. वय सत्त्याहत्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. पण कागदाची घडी अशी पडत होती की पट्टी लावून तपासावी.

हिरामणची सरकारी गाडी कुंभारगल्लीच्या तोंडाशीच अडकली होती. तिथून तो चालत आला. सतरा नंबरच्या घराचा उंबरा ओलांडताना त्याला वाटलं होतं, बाई उठतील, निदान चकित होतील. बावीस वर्षांनी तो येत होता, तोही अधिकारी होऊन.

बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "बॅग खाली ठेवू नकोस, मुंग्या झाल्यात. टांग."

भिंतीवर बाभळीच्या लाकडाच्या बारा खुंट्या होत्या. सगळ्या रिकाम्या. हिरामणने बॅगेतून फाइल काढली आणि बॅग टांगली. खुंट्यांकडे त्याने नीट पाहिलंही नाही. हात आपोआप गेला.

मग तो खुर्चीवर बसला आणि कामाला लागला.

काम पटपडताळणीचं होतं. शाळेच्या पटावर जेवढी नावं, तेवढी मुलं खरोखर आहेत का, दिलेल्या पत्त्यावर राहतात का, ते घरोघर जाऊन बघायचं. बाईंच्या जुन्या शाळेवर तक्रार आली होती. तक्रार करणारा गावातला एक संस्थाचालक. सरकारी शाळेचा पट घटला की त्याच्या शाळेच्या पिवळ्या बसमध्ये गर्दी वाढते, हे गणित चौथीतल्या पोरालाही सुटेल. पण तक्रार रीतसर होती, आणि हिरामण रीतसर माणूस होता.

शाळेचा पट सहासष्ट. त्यातली नऊ मुलं उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांची. त्या नऊ जणांच्या नावापुढे पत्ता एकच... घर नंबर सतरा, कुंभारगल्ली. ही नऊ नावं बोगस ठरली की पट सत्तावनवर येणार, एक शिक्षक जाणार, आणि नऊ पोरं पुन्हा सिग्नलवर गजरे विकायला लागणार.

कागद नाही म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवता येत नाही, असं कायदा सांगतो. हिरामणला तो कायदा कलमांसकट पाठ होता, त्यावर तो प्रशिक्षणात तासभर बोलत असे. पण पडताळणीच्या नमुन्यात दोनच रकाने होते. वास्तव्य आहे. वास्तव्य नाही. पुलाखालच्या पोराला कायद्यात जागा होती, नमुन्यात नव्हती. आणि या राज्यात साहेबलोक कायदा पाठ करतात आणि नमुना भरतात.

त्याने नमुना पुढे सरकवला. जबाब बाईंचा हवा होता. घरमालक म्हणून.

"ही नऊ मुलं इथं राहतात का, बाई? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"तू राहायचास का?"

"नाही. मी एसटी स्टँडवर राहायचो. साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे."

"हो. छापून आलंय."

बाईंनी हातातलं पुस्तक उलटं केलं. कव्हरच्या मागच्या बाजूला हिरामणच होता. शाल, नारळ, फेटा आणि खाली मोठ्या अक्षरांत त्याचं सत्कारातलं वाक्य. बाईंनी पुस्तक लांब धरून ते वाचलं.

"'मला कुणी पत्ता दिला नाही. माझा पत्ता मीच घडवला.'"

या वाक्याला प्रत्येक सभेत टाळ्या पडायच्या.

"फोटो छान आलाय," बाई म्हणाल्या. "कागदही जाड आहे. वर्षभर टिकेल."

हिरामणने फाइल उघडली. तो सांगू लागला की गोष्ट नऊ मुलांची नाही. त्याने कारकुनाला शाळेची जुनी दाखल रजिस्टरं उपसायला लावली होती. सतरा नंबरचा पत्ता असलेली सगळी नावं काढायला सांगितली होती. चाळीस वर्षांत बेचाळीस निघाली. हा एखाद्या वेळचा चांगुलपणा नव्हे, ही सवय आहे. सरकारी दप्तरात वर्षानुवर्षं खोटं लिहिलं गेलंय, आणि त्याची सुरुवात बाईंनी केली. त्यांच्याबद्दल आदर आहे, म्हणून तो स्वतः आला. दुसरा कुणी आला असता तर...

"यादी वाच," बाई म्हणाल्या.

"बाई, यादी लांब आहे."

"तुला तीसपर्यंतचे पाढे पाठ करायला लावले होते. बेचाळीस नावं वाचता येतील."

त्याने वाचायला घेतलं. वाचताना आवाज आपोआप वर्गातल्यासारखा झाला.

"एक, शेवंता मल्हारी पवार. दोन, बाबू मल्हारी पवार. तीन, इस्माईल गफूर मदारी. चार, कोंडाबाई हणमंता जाधव. पाच, लखू हणमंता जाधव. सात, पार्वती..."

"थांब."

तो थांबला.

"पाचानंतर काय येतं?"

त्याने कागद पाहिला. पाचानंतर सात होतं. मध्ये एक ओळ कोरी होती.

"टायपिंगची चूक असेल."

"कोण राहिलं?"

"विचारतो कारकुनाला. काय फरक पडतो, बाई, एकानं..."

"एकानंच पडतो. पट घेताना मी एकही नाव सोडलेलं नाही. विचार."

त्याने कारकुनाला फोन लावला. सोनटक्के नावाचा हा कारकून सतरा वर्षं त्याच कचेरीत होता. त्याची एकही यादी कधी चुकली नव्हती. साहेबांनी सहावं नाव विचारल्यावर तो आधी खोकला. मग म्हणाला, रजिस्टर कपाटात आहे. मग म्हणाला, किल्ली शिपायाकडे आहे. मग म्हणाला, आवाज नीट येत नाही.

"सोनटक्के, नाव सांगा."

पलीकडून सोनटक्के हळू आवाजात म्हणाला,

"साहेब, ते तुमचंच आहे. म्हणून नाही टाईप केलं."

हिरामणने फोन ठेवला.

बाईंनी पुस्तकाच्या कव्हरचा शेवटचा कोपरा आत दुमडला. हिरामणच्या फोटोतला फेटा आत गेला.

त्याला रजिस्टर कधी पाहायला मिळालंच नव्हतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मगाव असतं, जात असते, जन्मतारीख असते. राहता पत्ता नसतो. त्याची जन्मतारीख एक जून होती, बाईंनी अंदाजाने लिहिलेली, आणि त्यावर तो भाषणात विनोद करायचा. तारीख बाईंनी दिली हे तो मजेत सांगे. तारखेच्या शेजारच्या रकान्यात काय असेल, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

पण बाकीचं आठवत होतं. वडील रस्त्याच्या कामावर दगड फोडायचे, रोलरखाली गेले. काम पुढच्या गावाला सरकलं, वस्तीही सरकली. आई त्याला घेऊन स्टँडवर राहिली. ती रिकाम्या बाटल्या गोळा करायची. नगरपालिकेची गाडी महिन्याला यायची आणि ताडपत्री, पातेली, चिंध्या सगळं उचलून न्यायची. त्या सगळ्याबरोबर दप्तरही जायचं. गाडीवरच्या कुणालाही कधी वाटलं नाही की यात तिसरीचं गणिताचं पुस्तक आहे, ते तरी बाजूला ठेवावं. तिसऱ्यांदा दप्तर गेलं तेव्हा तो शाळेत आलाच नाही. बाई स्टँडवर आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुला उचलून नेत नाहीत ना, मग दप्तर माझ्याकडे खुंटीला ठेव आणि तू ये.

तेव्हाचे हेडमास्तर अडून बसले होते. पत्ता नाही तर नाव पटावर ठेवता येणार नाही, तिसरीपर्यंत कसं राहिलं तेच नवल. बाईंनी त्यांच्या हातातला टाक घेतला होता, असं नंतर कुणीतरी सांगितलं होतं. कशासाठी घेतला, ते आज कळलं.

"खोटी नोंद होती, बाई," तो हळू म्हणाला.

"काय खोटं होतं तिच्यात?"

"मी इथं झोपत नव्हतो."

"झोपायला कुठं शाळा लागते? दप्तर कुठं असायचं?"

"इथं."

"अभ्यास?"

"इथं. त्या खिडकीपाशी."

"मार कुठं खायचास?"

"...इथंच."

"मग स्टँडवर काय होतं तुझं?"

गल्लीत कुणीतरी ओल्या मातीचा गोळा आपटत होतं. धप्प... धप्प...

"आई," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी चटईवरचा नमुना उचलला, डोळ्यांजवळ नेला, मागून-पुढून पाहिला.

"तिच्यासाठी रकाना आहे का यात?"

"नाही."

"ज्यानं हा कागद छापला त्याला आई नव्हती की घर होतं?"

एरवी तो म्हणाला असता की नमुने वरून येतात. हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. आज ते जिभेवर आलं नाही. 'वास्तव्य नाही' लिहून सही केली नाही तर काय होईल, हे तो मनात तपासत होता. तक्रारदार वर जाईल. चौकशी लागेल. रजिस्टरं पुण्याला मागवतील. कोरी ओळ कुणीतरी भरेलच, आणि जिल्हाभर होईल की साहेब स्वतःच बोगस विद्यार्थी. शालीचे फोटो छापणारेच तेही छापतील.

आणि सही केली तर यादी जशी आहे तशी जाईल. सहावा कुणी नव्हताच. सोनटक्केने त्याची सोय करून ठेवली होती. नऊ पोरांपुढे 'नाही' लिहायचं, मोकळं व्हायचं. संध्याकाळच्या आत अहवाल.

बाईंनी दुसरं पुस्तक घेतलं होतं. विज्ञानाचं.

हिरामणने खिशातलं पेन काढलं. मांडीवर यादी ठेवली. पाच आणि सातच्या मधल्या कोऱ्या ओळीत त्याने लिहिलं... सहा, हिरामण यल्लप्पा धोत्रे. पुढे पत्ता लिहिला. अक्षर तेच होतं, बाईंनी घोटून घेतलेलं, 'ध'ची गाठ ठसठशीत.

मग त्याने नमुना घेतला. चौतीसपासून बेचाळीसपर्यंतची नऊ नावं. सगुणा तिथं पहिली होती, सगुणा रामा काळे, इयत्ता चौथी. तिच्यापुढे त्याने लिहिलं, 'वास्तव्य आहे'. खाली एक ओळ वाढवली, 'समक्ष चौकशी केली. दप्तर याच घरी असते. मुलीस कुठलेही छप्पर नसल्यास प्रवेश नाकारता येत नाही', आणि कलम टाकलं.

दुसऱ्या नावापुढे कुठलाही साहेब 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळा झाला असता. हिरामणने नऊ वेळा सगळं लिहिलं. नवव्या वेळी हात दुखला. खाली सही केली, नाव लिहिलं, हुद्दा लिहिला.

पडताळणी अधिकाऱ्याचा स्वतःचा पत्ता, असाही एक रकाना शेवटी होता. तिथं पेन जरा थांबलं... मग त्याने तोही भरला. घर नंबर सतरा.

तो उठला तेव्हा त्याची छाती भरून आली होती. पाठ ताठ झाली, आवाजात नकळत व्यासपीठ आलं. तक्रारदाराला तो बघून घेणार होता. चौकशी लागली तर लागू दे, रजिस्टर हातात घेऊन तो स्वतः उभा राहणार होता. पुढच्या सत्कारात काय बोलायचं, त्याची पहिली ओळसुद्धा त्याला सुचली होती.

"बाई," तो म्हणाला, "तुमची नऊ लेकरं आज मी वाचवली."

बाईंनी विज्ञानाच्या पुस्तकावर तळहात फिरवला, घडी बसवली, आणि पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या मागच्या भिंतीकडे.

दूर शाळा सुटल्याची घंटा झाली.

"बरं केलंस. आता ती बॅग काढ. सहावी खुंटी सगुणाची आहे."