वरचा ठसा

"ज्या तोंडावर कुणाचं पोट भरत नाही, ते मी नाण्यावर कोरू?"

नीकॉनने कोरणी आपटली. ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या शहराच्या टांकसाळीत तो ठसे कोरायला शिकत होता. हात चांगला होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

म्हातारे गुरू आर्खिप्पोस ऐरणीपाशी बसले होते. तडकलेला वरचा ठसा त्यांच्या पायाशी पडला होता. चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून नाणं पाडताना हातोडा वरच्यावरच बसतो, त्यामुळे तो महिनाभरसुद्धा टिकत नाही. खालचा, जवाच्या लोंबीचा ठसा ऐरणीत घट्ट बसलेला. तो कित्येक वर्षं तसाच होता.

"मग नाण्यावर काय असावं?" गुरूंनी विचारलं.

"अथेन्सच्या नाण्यावर घुबड असतं, कारण ते त्यांच्या देवीचं. एजिनाच्या नाण्यावर कासव, कारण त्यांचं सगळं समुद्रावर. आपण जवावर जगतो, म्हणून आपली लोंबी."

"आणि नवा राजा?"

"तो आपल्यावर जगतो."

गुरूंनी कमरेचं फडकं चाचपलं.

लोंबी काढून राजाचा चेहरा घाला, असा हुकूम होता. आज दुपारपर्यंत ठसा तयार नसेल तर कोरणाऱ्याचा उजवा हात तोडायचा, हेही त्यातच होतं. नीकॉन मनातून पार घाबरला होता. म्हणूनच तो एवढा बोलत होता.

दार ढकलून राजाचा अधिकारी आत आला. मागे दोन भालेवाले.

"ठसा?"

नीकॉनने उजवी मूठ घट्ट आवळली.

गुरूंनी कमरेचं फडकं सोडलं. आत नवा ठसा होता. राजाचा चेहरा, अगदी हुबेहूब. नीकॉन बघतच राहिला. ज्या हातांनी जन्मभर लोंबी कोरली, त्याच हातांनी...

अधिकाऱ्याने ऐरणीकडे बोट दाखवलं. "ती लोंबी उपटा. हा तिथे बसवा."

"खाली?" गुरू म्हणाले. "राजेसाहेबांनी खाली पडून राहायचं? वरची जागा आजच रिकामी झाली आहे."

अधिकारी घुटमळला...

"वर," तो शेवटी म्हणाला. "राजा वरच हवा."

"आणि लोंबी?"

"राहू दे पायाशी."

तो समाधानाने निघून गेला. भाल्यांचा आवाज गल्लीत विरेपर्यंत दोघेही हलले नाहीत.

मग नीकॉनचा बांध फुटला. "माझा हात गेला असता तरी चाललं असतं, गुरुजी. तुम्ही त्याला आमच्या डोक्यावर बसवलंत. लाज वाटते मला तुमची."

गुरूंनी लोंबीवर चांदीची चकती ठेवली. चकतीवर राजाचा ठसा उभा धरला. दुसऱ्या हाताने हातोडा उचलून शिष्यापुढे केला.

"हात शाबूत आहे ना? मग हाण."