दामाशेटचे तीन बिल्ले

"पैसे हातात आहेत, तरी पेठेत का सोडत नाहीस?" घोंगडी विणणाऱ्या हिरू सणगरणीने वेशीवरच्या शिपायाला विचारलं.

"तुझी पत कुठाय?"

"मी रोख देणार आहे! पत काय चाटायची आहे?"

"राजेसाहेबांचा हुकूम आहे, बाई! ज्याला जामीन नाही त्याची पत नाही, आणि ज्याची पत नाही त्याला पेठ बंद. रोख असो नाहीतर उधार!"

हुकूम तसा रागाच्या भरातला होता. उदयभान राजाचा आवडता घोडा कुणीतरी उधारीवर नेला आणि घोड्यासकट पसार झाला. राजाने त्याच संध्याकाळी दवंडी पिटवली. त्यात हिरूच्या बापासारखे लोक नाहक भरडले गेले. त्याची घोंगड्यांनी भरलेली नाव नदीत उलटली, गिऱ्हाइकांचे आगाऊ घेतलेले पैसे अडकले. बापलेकींनी राबून सगळं फेडलं, पण गेलेली पत काही परत येईना.

आणि आज लोकरीचा बाजार होता! वर्षातून एकदाच भरणारा. धनगर दिवस मावळेपर्यंतच थांबत. आज लोकर मिळाली नाही तर वर्षभर माग रिकामा, आणि चूलही.

"अगं पोरी, अशी हिरमुसतेस कशाला?" वेशीलाच गादी टाकून बसलेल्या दामाशेटने गोड हाक मारली. "पत गेलेल्यांसाठीच तर मी हे पुण्य करतो! पैसे आधी माझ्याकडे भरायचे, बिल्ला घ्यायचा, पेठेत दाखवायचा. दुकानदाराचं मी चुकतं करतो. बोल, चांदीचा, तांब्याचा की लाकडी?"

"फरक काय?"

"चांदीच्या बिल्ल्याला भरलेल्या पैशातला चौथा हिस्सा माझा. तांब्याचा फुकट, फक्त दर खरेदीला एक रुपया. लाकडीला काहीच नाही! दिवस मावळताना जे उरेल तेवढं माझं."

"आणि किती उरलेत ते विचारलं तर?"

"विचारण्याचा एक रुपया."

"आणि न विचारताच कळलं तर?"

"मग तू फारच हुशार! त्याचे दोन."

हिरूला हसू आलं. एकाच धनगराकडून सगळी लोकर एकदम घेतली तर तांब्याचा बिल्ला एका रुपयात सुटत होता. "तांब्याचा द्या."

"देतो की! जामीन कोण?"

"जामीन असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

"नियम म्हणजे नियम!" असं म्हणत शेटजींनी शेजारच्या पानवाल्याकडून विडा घेतला आणि रुपया टाकला. पानवाल्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्याच रुपया दगडावर वाजवून पाहिला! खणखणीत वाजला, तेव्हा कुठे गल्ल्यात टाकला. हिरू ते बघत राहिली. मग ती तडक उलटी फिरली.

राजा उदयभान वेशीबाहेर शामियान्यात दरबाऱ्यांसह बसून बाजार बघत होता. हिरूने गाऱ्हाणं घातलं. राजाने मान हलवली.

"हुकूम फिरणार नाही! दिवस मावळायच्या आत जामीन आण आणि लोकर ने. नाहीतर पुढच्या वर्षी ये."

"बरं, महाराज. पण जामीन नक्की कुणी द्यायचा?"

"दुसऱ्याचे पैसे जो घेऊन बसतो त्याने. पळून जाऊ नये म्हणून!"

"हा हुकूम सगळ्यांना लागू?"

"सगळ्यांना! अगदी मलासुद्धा!"

"मग शेटजींना बोलवा. मला बिल्ला घ्यायचाय."

दामाशेट तिन्ही बिल्ले घेऊन धावत आला. हिरूने पैशांची थैली त्याच्यापुढे ठेवली. शेटजींनी ती झटकन मांडीखाली सरकवली.

"महाराज, आता सांगा," हिरू म्हणाली, "कुणाचे पैसे कुणापाशी आहेत?"

राजा थैलीकडे बघू लागला. म्हणजे थैली जिथे नाहीशी झाली होती तिथे.

"तुझे... याच्यापाशी!"

"माझ्या हातात नुसता बिल्ला. शेटजी रातोरात निघून गेले तर मी तो शिजवून खाऊ? जामीन त्यांनी द्यायचा!"

"हा काय पोरकटपणा!" दामाशेट ओरडला. "अख्खा गाव मला वाकून नमस्कार करतो!"

"मग जामीन मिळायला वेळ लागणार नाही," राजा म्हणाला. "बोला! दामाशेटला जामीन कोण राहतो?"

सेनापतींची दाढ अचानक ठणकू लागली. प्रधानजी छताची नक्षी न्याहाळू लागले. शेटजींचा सख्खा मेहुणा खाली वाकून आपली वहाण शोधू लागला, आणि शामियान्यात तर सगळेच अनवाणी होते!

"महाराज, निदान आपण तरी..." शेटजी काकुळतीला आले.

"माझ्याकडे बघू नकोस! तू दिलेला नजराणा मीसुद्धा वाजवून घेतो!"

"अरेरे!" हिरू हळहळली. "जामीन नाही म्हणजे पत नाही. पत नाही म्हणजे पेठ बंद! पण शेटजी, घाबरू नका. तुमच्यासारख्यांची सोय आहे." तिने तिन्ही बिल्ले त्याच्यापुढे मांडले. "कोणता देऊ? चांदीचा, तांब्याचा की लाकडी?"

राजा एवढा हसला की मागचा लोड घरंगळून गेला! मांडीखालची थैली निघाली, बिल्ले जप्त झाले. दवंडीवाला पुन्हा गावभर फिरला. जो रोख देईल त्याला पेठ मोकळी! आणि ऊन उतरायच्या आत हिरूच्या गाढवावर लोकरीचे गठ्ठे चढले.

"थांब, पोरी!" राजाने हाक मारली. "माझ्या सगळ्या घोडेस्वारांना यंदा तुझ्याच हातची घोंगडी. हे घे, निम्मे पैसे आगाऊ!"

हिरूने हात मागे घेतला. "नको, महाराज! आगाऊ घेतले तर जामीन शोधत फिरावं लागेल. घोंगडी आधी न्या, पैसे मागाहून द्या."

"म्हणजे मला उधारी?"

"हो! तुमची पत मला चालते!"

आणि या वेळी लोडाबरोबर राजा उदयभानही घरंगळला.