दिवाणांचे पुस्तक आणि फणस

समुद्राकाठच्या एका राज्यात रवळू गावडे नावाचा म्हातारा वाटाड्या होता. गलबतांतून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तो गावोगाव हिंडवी, घरोघरची वेगळी चव चाखवी, दशावतार दाखवी. नवे दिवाण घाटावरचे. त्यांनी कचेरीत बसून या मुलखावर जाडजूड पुस्तक लिहिले आणि रवळूला दरबारात बोलावले.

"उद्यापासून येऊ नकोस. तुला ठाऊक आहे ते सगळे यात आहे."

"सगळं?" रवळूने विचारले.

"सगळं! नुसत्या फणसावर चार पानं आहेत."

रवळू राजाकडे वळला. "महाराज, मग आजच्या पाहुण्यांना दिवाणसाहेबांनीच फणस कापून खाऊ घालावा. जमलं, तर मी मुकाट घरी बसतो."

राजाने मान डोलावली. दिवाणांनी बाह्या सरसावल्या, पुस्तक मांडीवर उघडले आणि वाचत वाचत फणस चिरला. चीक हातांना लागला, हात मिशीला लागला. पान उलटायला गेले, तर पुस्तक मिटून दोन्ही हातांना चिकटले. पाहुणे तोंड दाबून हसू लागले.

"रवळू, बघत काय राहिलास? उपाय सांग!" दिवाण ओरडले.

रवळूने कनवटीची खोबरेलाची कुपी काढली. "सरकार, फणसाला हात घालण्याआधी हाताला तेल लावतात. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. तुमच्या पुस्तकात ते कुठल्या पानावर आहे तेवढं दाखवा, लगेच तेल देतो."

दिवाणांनी जोर लावला. पुस्तक काही उघडेना.

राजा म्हणाला, "रवळू, दे त्यांना तेल. आणि उद्या वेळेवर ये."