गाठीला नावं ठेव, चोचीला नको

फार पूर्वी विहिरीवरच्या बाभळीवर साऱ्या पाखरांचा मिळून एकच खोपा होता. कुणीही यावं, चार पाती विणावीत. ठकू सुगरण विणण्यात तरबेज, पण जिभेला हाड नाही.

"ही चोच आहे की खुरपं?" नव्या चिमणीची वेडीवाकडी गाठ पाहून ती खेकसली. चिमणी निघालीच.

म्हाताऱ्या साळुंकीने चिमणीला थांबवलं आणि ती सुगरणीकडे वळली. "ठकू, नावं गाठीला ठेव, चोचीला नको. आजपासून हाच इथला नियम."

"मग विणा माझ्यावाचून!" ठकू फणकाऱ्याने शेजारच्या झाडावर एकटीच खोपा विणायला गेली.

पण तिने बाहेरून खोवलेलं पातं आतून ओढून घ्यायला तिथे होतं कोण? संध्याकाळी ती मुकाट परतली, विणू लागली.

आतून चिमणी म्हणाली, "ठकूताई, गाठ सैल आहे."

आता आपल्या चोचीला नावं ठेवली जाणार म्हणून ठकूने अंग चोरलं. पुढे काहीच आलं नाही.

"कुठे गं? दाखव," ठकू म्हणाली.