नागूअण्णांचं ‘हां’

उसाच्या मुलखात, नदीच्या एका वळणावर गाव होतं. तिथला गूळ असा की राजधानीतल्या हलवायांना दुसरा चालायचा नाही. हा गूळ करणारा गुळव्या म्हणजे नागूअण्णा. पाकाची पारख असलेला माणूस पंचक्रोशीत एकच, असं सगळा गाव म्हणायचा. अण्णांचंही मत काही वेगळं नव्हतं.

त्या गुऱ्हाळाची एक रीत होती. भल्यामोठ्या काहिलीत रस उकळायचा. सुंद्रा नावाची बाई लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढत राहायची. रस आटून पाक झाला की अण्णा थेंबभर पाक थंड पाण्यात टाकायचे, बोटांनी त्याची गोळी वळायचे आणि म्हणायचे, “हां!” मग आठ गडी एकदम काहील उतरवायचे. क्षणभर आधी उतरवली तर गूळ पातळ, क्षणभर उशीर झाला तर करपलेला. म्हणून अण्णांच्या ‘हां’शिवाय काहिलीला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

आता अशा माणसाला सुट्टी कुठली? दसऱ्याला पेटलेलं चुलवाण वैशाख संपेपर्यंत विझायचं नाही, आणि त्यानंतर पाऊस लागला की घाट बंद. घाटाचं एवढं काय, तर घाटापलीकडे, समुद्राच्या काठी अण्णांची एकुलती एक लेक दिली होती. मंजुळा तिचं नाव. आई लहानपणीच गेलेली, अण्णांनीच तिला वाढवलं, वेण्या घातल्या, भाकरी थापायला शिकवलं. अकरा वर्षांपूर्वी तिची पाठवणी केली, त्यानंतर तिचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

मिठाचे बैल घेऊन तांडेवाले यायचे, त्यांच्याकडून दरसाल तिचा निरोप यायचा. “अंगणात उभं राहिलं की समुद्र दिसतो. अण्णांना म्हणावं, एकदा या.” पुढच्या साली, “मुलगा झाला. अण्णांना म्हणावं, या.” त्याच्या पुढच्या साली नुसतंच, “या.”

“समुद्र दिसतो तरी कसा रे?” अण्णा एकदा तांडेवाल्याला विचारते झाले.

“उसाच्या फडावरनं वारं गेलं की हालतो न्हवं फड? तसाच. निस्ता संपत न्हाई,” तो म्हणाला.

तेव्हापासून वारा सुटला की अण्णा काम थांबवून फडाकडे बघत राहायचे. आपल्या नातवाला आपण ओळखू का, तो तरी आपल्याला ओळखेल का, असले विचार मनात यायचे. मग काहिलीतला रस चढायचा, कुणीतरी हाक मारायचं, आणि अण्णा म्हणायचे, “फुडल्या साली जाईन. औंदा माझ्याबिगर भागायचं न्हाई हितं.” खरं सांगायचं तर, आपल्यावाचून भागत नाही हे म्हणताना त्यांना जितकं वाईट वाटायचं, तितकंच बरंही वाटायचं.

त्या वर्षी माघात तांडेवाला आला तो धावतच. “अण्णा, मंजुळाताईचा निरोप हाय. तिच्या धन्याला पार समुद्रापलीकडं काम मिळालंय. पोर्णिमेच्या सकाळी, भरतीला, त्यांचं गलबत सुटणार. परत कवा येतील, सांगता येत न्हाई. ती म्हणाली, अण्णांना म्हणावं, एवढ्या बारीला तरी या.”

त्या दिवशी अष्टमी होती. वाट चार दिवसांची. दशमीला पहाटे निघालं तर तेरशीच्या संध्याकाळी पोचता येईल, पुरता एक दिवस लेकीजवळ मिळेल, असा अण्णांनी हिशेब केला आणि ठरवलं, जायचं.

नवमीचा अख्खा दिवस मग सूचना देण्यात गेला. लाकडं किती लावायची, मळी वर आणणारा भेंडीचा रस कधी घालायचा, मळी कशी निवडायची. ज्या माणसांनी पंधरा-पंधरा वर्षं हेच केलं, त्यांनी निमूट माना डोलावल्या. शेवटी सुंद्राने विचारलं, “आन् अण्णा, हां कोण म्हणायचं?”

या कामाचा विचार अण्णांनी केला नव्हता असं नाही, पण ते दुसऱ्याच्या हाती देण्याचा विचार मात्र केला नव्हता.

“असं करू,” ते म्हणाले. “पयला पाक यायच्या वक्ताला मी त्या टेकाडावर पोचल्यालो असंन. वरनं मला तुमची वाफ दिसंल. रंग बघून मी ह्यो पांढरा पंचा हालवीन. पंचा हालला की उतरवा.”

“आन् दुसऱ्या दिसाचं?”

“दुसऱ्या दिसाचं दुसऱ्या दिशी! एक डाव नीट उतरली की समद्यांना आदमास येईल.”

टेकडीवरून पंचा हलवून गूळ करणारा गुळव्या आजवर कुणी पाहिला नव्हता. पण अण्णांपुढे बोलणार कोण?

दशमीला अण्णा निघाले. पाठीला गाठोडं, हातात पंचा. टेकडीवर चढले आणि बघतात तो खाली नदीवर दाट धुकं. गुऱ्हाळ दिसेना, वाफ दिसेना. अण्णांनी अंदाजाने पंचा हलवला. पुन्हा हलवला. हात दुखेपर्यंत हलवला. आणि मग वाऱ्यावर वास आला. करपलेल्या गुळाचा वास एकदा ओळखीचा झाला की कोसभरावरूनही कळतो.

पुढे घाटाची वाट होती आणि मागे काहील. एक घटकाभर अण्णा तिथेच उभे राहिले. ‘जाऊ दे, एक काहील गेली तर गेली,’ असं मन म्हणत होतं. पण पाय मागे वळले. बघून लगेच निघू, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

गुऱ्हाळात काहिलीच्या तळाशी काळाकुट्ट थर बसला होता. आठही गडी मान खाली घालून उभे होते. अण्णांच्या तोंडाचा पट्टा सुटला. त्यांनी गड्यांना झाडलं, जाळ घालणाऱ्याला झाडलं, काहील घासून घेतली, आणि आता कुणाचाच भरवसा नाही म्हणून दुसरा रस स्वतः उभे राहून आटवला. तो उतरेपर्यंत दिवस मावळला. लेकीजवळचा तो पुरता एक दिवस असा गुऱ्हाळातच संपला.

गडी पांगले. सुंद्रा झारा धूत बसली होती. अण्णा तिच्याजवळ जाऊन म्हणाले, “सुंद्रे, तुला तरी कळाय नगं? एवढी वर्सं काहिलीपाशी हुबी हायस.”

“कळलं हुतं की,” ती म्हणाली.

“काय कळलं हुतं?”

“पाक आला त्ये. वास बदलतो त्यावरनं मला तवाच कळतं. तुम्ही गोळी वळायच्या आदी कळतं.”

“मग उतरवली का न्हाईस?”

सुंद्राने झारा खाली ठेवला. “एकदा उतरवली हुती, अण्णा. चौदा वर्सं झाली. तुम्ही फडात गेला हुता, पाक आला, म्या हां म्हनलं. आल्यावर तुम्ही समद्यांम्होरं काय बोललात, आठवतंय? म्हणालात, उद्यापासनं तू गुळव्या हो, मी तुझी मळी काढतो. समदी हासली. त्या दिसापासनं आमी कुनीबी तोंड उघडत न्हाई.”

अण्णांना आठवलं. आणखीही एक गोष्ट आठवली, जी त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशीचा गूळ उत्तम झाला होता. घरी नेलेला खडा लहानग्या मंजुळाने मिटक्या मारत खाल्ला होता. अण्णा खाली बसले. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

एकादशीच्या सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. “आज काहील सुंद्रा बघंल. ही एक उतरली की मी निघतो,” ते म्हणाले आणि स्वतः चार पावलं मागे जाऊन उभे राहिले.

ती चार पावलं अण्णांच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड चाल होती. रस चढला, त्यांच्या जिभेवर शब्द आले, त्यांनी ते गिळले. पाकाला तार सुटली तसे हात शिवशिवले, ते त्यांनी पाठीमागे बांधले. त्यांच्या हिशेबाने वेळ झाली, तरी सुंद्रा गप्पच. आणि मग तिने स्वच्छ आवाजात म्हटलं, “हां!”

आठ गड्यांनी काहील उतरवली. गूळ निवला. अण्णांच्या गुळापेक्षा रंगाला किंचित तांबूस होता. अण्णांनी खडा तोंडात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चांगला झालाय. त्या दिसाचा बी चांगला झाला हुता, सुंद्रे. म्या बोललो न्हाई, माझं चुकलं. आजपासनं तू सांगशील तवा काहील उतरंल. बिघडली तरी बिघडू दे, दुसरी चढव. मला इचारू नगंस.”

“निघा आता, अण्णा,” सुंद्रा डोळे पुसत म्हणाली. “पोर वाट बघत आसंल.”

अण्णा निघाले तेव्हा दुपार झाली होती. ते चालले कसले, जवळजवळ पळालेच. घाटात टाचा फुटल्या, चाल मंदावली, पण बसले नाहीत. भाकरी चालता चालता खाल्ली. गंमत म्हणजे एकदाही त्यांनी मागे वळून धूर पाहिला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात गुऱ्हाळ नव्हतं, नुसती लेक होती. भेटल्यावर आधी काय बोलायचं हे त्यांनी शंभर वेळा ठरवलं आणि शंभर वेळा बदललं.

पौर्णिमेच्या दुपारी ते पोचले. झावळ्यांची झोपडी, शेणाने सारवलेलं अंगण, आणि दाराला कडी. अंगणात उभं राहिलं की समोर खरंच समुद्र दिसत होता. त्यावर एकही शीड नव्हतं.

शेजारची म्हातारी कोळीण बाहेर आली. तिने त्यांच्या फुटलेल्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही मंजुळेचे बापूस ना?”

अण्णांनी मान हलवली.

“सकाळच्या भरतीला गेली हो. परवापासून ह्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. आज पण गलबतावर चढता चढता थांबली, नाखव्याला म्हणाली, अजून थोडा वेळ. पण भरती कुणासाठी थांबते? पोरगा मात्र सारखा विचारत होता, आजोबा कसे दिसतात, आजोबा कसे दिसतात.”

अण्णा अंगणातच बसले. म्हातारीने पाणी आणून दिलं, तेही हातात तसंच राहिलं.

“दमलात तुम्ही,” ती म्हणाली. “परत कधी निघायचंय?”

“लगीच निघाया पायजे,” अण्णा सवयीने म्हणाले. “तिकडं माझ्याबिगर...”

आणि ते थांबले. तिकडे आता काहीच अडत नव्हतं. या घटकेला सुंद्रा काहिलीपाशी उभी असेल, पाक आला असेल, गूळ उतरला असेल. त्यांना कुणी बोलावणार नव्हतं. आज, उद्या, परवा, म्हणाल तितके दिवस त्यांच्याजवळ होते. लेकीला द्यायला अकरा वर्षांत एक दिवस निघाला नव्हता, आणि आता सगळे दिवस मोकळे होते, तर लेक नव्हती. नागूअण्णा लहान मुलासारखे रडले.

तात्पर्य इतकंच: काम दुसऱ्यावर सोपवायचं तर त्यातला निर्णयही सोपवावा, आणि तो वेळेवर सोपवावा. आपल्यावाचून अडतं या समाधानापायी, आपली खरी वाट बघणारी माणसं निघून जातात.